आईच्या गळ्यातली गाठ: थायरॉइड काढायलाच पाहिजे का?

जांबोटीकर_लेक

नमस्कार मंडळी. माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीकडं. मी बेळगावात राहते. आईबद्दल विचारायचं आहे, जरा सविस्तर लिहिते.

आईचं वय ५८. गळ्याला उजव्या बाजूला गाठ आहे, मी शाळेत होते तेव्हापासून. ती पाणी प्यायली की गाठ वर-खाली व्हायची, आम्ही पोरं हात लावून बघायचो. दुखत नव्हती, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. गावात आणखी दोघी-तिघींना तशीच होती, त्यामुळं त्यात काही वेगळं वाटायचंच नाही. गेल्या दिवाळीत आईला ठुशी घालत होते तर दोरी पार शेवटच्या गाठीपर्यंत सोडली तरी बसेना. पाच वर्षांपूर्वी भावाच्या लग्नात तीच ठुशी सैल होत होती. तेव्हा मी घाबरले.

तपासण्या झाल्या. टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, १.९ आलं, म्हणजे नॉर्मल. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंना गाठी आहेत, उजवीकडची सगळ्यात मोठी ४.८ सेंटीमीटर, पुढं टायरॅड्स ३ लिहिलंय (सोनोग्राफीवरून कॅन्सरचा संशय किती ते सांगणारा आकडा, ५ म्हणजे सगळ्यात जास्त). सुईची तपासणी केली, तिच्या निकालाला १ ते ६ असे बेथेस्डा आकडे देतात, त्यात बेथेस्डा २, म्हणजे साधी गाठ.

आता एक डॉक्टर म्हणतात गळ्यातली सगळी थायरॉइड ग्रंथी काढून टाका. दुसरे म्हणतात सुईत साधी आली, टीएसएच बरोबर आहे, मग कशाला हात लावता, सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी करू. दोघंही चांगले डॉक्टर आहेत. कुणाचं ऐकू?

आई तर ऐकायलाच तयार नाही. गावच्या भजनी मंडळात ती पुढं उभी राहून म्हणते, कार्तिकात महिनाभर पहाटेचा काकडा तिच्याशिवाय उभा राहत नाही. ओळखीतल्या एका बाईचा आवाज या ऑपरेशननंतर बसला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून आई म्हणते, "गाठ राहू दे, गळा राहू दे." तिला तसा काही त्रासही नाही. हल्ली झोपताना दोन उशा घेते, पण ती सवय आहे म्हणते.

कुणाला अनुभव असेल तर सांगा.

वडगाव_गल्ली

अजिबात काढू नका ताई. मला थायरॉइड होऊन बारा वर्षं झाली, रोज सकाळी ७५ मायक्रोग्रॅमची थायरॉइडची गोळी घेते, काही बिघडलं नाही. ऑपरेशनचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. हल्ली उठसूट कापायला सांगतात.

येळ्ळूरकर

वडगाव_गल्ली, तुमचं आणि त्यांच्या आईचं दुखणं एक नाही. माझं सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मानेच्या दुखण्यासाठी स्कॅन केला, त्यात थायरॉइडमधली गाठ सापडली. १.८ सेंटीमीटर. हाताला लागतसुद्धा नव्हती. टीएसएच नॉर्मल. सोनोग्राफीत कडा वेड्यावाकड्या, आत बारीक चुन्याचे ठिपके, टायरॅड्स ५. सुईत बेथेस्डा ६ आलं, पॅपिलरी कॅन्सर. म्हणजे आईंची ४.८ची गाठ साधी आणि माझी १.८ची कॅन्सरची. गाठ केवढी आहे यापेक्षा ती आतून कशी आहे, हे बघावं लागतं.

मला वाटलं आता सगळं संपलं. सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं: फुलपाखरासारखी ग्रंथी, दोन पंख, मधे पूल. म्हणाले, गाठ एका पंखात आहे, चार सेंटीमीटरच्या आत आहे, बाहेर पसरलेली नाही, मानेतल्या लसिकाग्रंथी स्वच्छ आहेत, तर अर्धीच काढू. उरलेली अर्धी काम करत राहील. तसंच केलं. आज मला गोळीसुद्धा लागत नाही, वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि रक्त. शेतात नेहमीसारखं काम करतोय.

एक सांगायचं राहिलं. सुई लावली की कॅन्सर पसरतो असं आमच्या भावकीत दोघांनी सांगितलं, त्यात माझा दीड महिना गेला. तसं काही नसतं. रक्त काढतात त्याहून बारीक सुई, टाका नाही, भूल नाही, दहा मिनिटांत घरी.

जांबोटीकर_लेक

येळ्ळूरकर, धन्यवाद. पण मग आईचं सुईत साधं आलंय, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांचंच बरोबर ना?

ओटी_सिस्टर

मी तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये स्टाफ नर्स होते, आता निवृत्त आहे, टिळकवाडीत असते. मी डॉक्टर नाही. पण या ऑपरेशनला किती वेळा उभी राहिले त्याचा हिशेब ठेवला नाही, म्हणून लिहिते.

आपल्याकडं "मला थायरॉइड आहे" एवढंच म्हणतात आणि सगळा घोळ तिथंच होतो. ग्रंथी सगळ्यांनाच असते. बिघाड दोन तऱ्हांचे. एक, तिचं काम बिघडतं, हार्मोन कमी पडतं नाहीतर जास्त होतं. दुसरा, तिचा आकार बिघडतो, गाठ येते, गळा फुगतो. वडगावच्या ताईंचं हार्मोन कमी पडतंय. त्याला ऑपरेशन कधीच लागत नाही, गोळीनं भागतं. तुमच्या आईंचं काम ठीक आहे, टीएसएच तेच सांगतो. बिघडलाय तो आकार. तेव्हा टीएसएच नॉर्मल आहे म्हणून गाठ सोडून द्या, हे म्हणणं अर्धवट आहे. आणि गाठ आहे म्हणून काढा, हेही अर्धवटच. थायरॉइडच्या शंभरातल्या नव्वदाहून जास्त गाठी साध्या असतात, त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर हात लावावा लागत नाही.

काढावी लागते ती चार कारणांनी. कॅन्सर आहे किंवा सुईच्या तपासणीत दाट संशय आहे. सुईचा निकाल अधांतरी आलाय, परत सुई लावूनही उलगडत नाही, तेव्हा काढून बघितल्याशिवाय खात्री होत नाही. हार्मोन जास्त होतंय आणि गोळ्यांनी आटोक्यात येत नाही. आणि चौथं, गाठ साधी आहे पण जागा अडवतेय, श्वासनळी दाबतेय, अन्ननळी दाबतेय. या चौथ्याला सुईचा रिपोर्ट काही उत्तर देत नाही. सुई फक्त कॅन्सरचं सांगते. श्वासनळीवर किती भार पडलाय ते तिला कळत नाही.

म्हणून मला विचारायचंय. तुम्ही शेवटी लिहिलंय, आई दोन उशा घेऊन झोपतात. कधीपासून? एक उशी काढली तर काय होतं? डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर फरक पडतो का? भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरतो का? घोरणं वाढलंय का? आणि एक करून बघा. आईंना बसवून दोन्ही हात सरळ डोक्याच्या वर, कानाला टेकवून धरायला सांगा, मिनिटभर. चेहऱ्याकडं बघा.

निपाणी_७८

हार्मोन जास्त होण्याचा अनुभव माझा आहे, लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

ग्रेव्ह्ज म्हणतात तो आजार. वय २९ होतं. चार महिन्यांत नऊ किलो वजन उतरलं, छातीत सारखी धडधड, लिहिताना हात थरथरायचा, वहीवर अक्षर नीट उमटेना. घरच्यांना वाटलं टेन्शन. टीएसएच केलं तर ०.०१ पेक्षा कमी (हार्मोन जास्त झालं की टीएसएच उतरतं). हार्मोन कमी करायला कार्बिमाझोल सुरू झालं, धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की कार्बिमाझोल चालू असताना ताप आला, घसा खूप दुखला तर त्याच दिवशी रक्त तपासा, कारण क्वचित कुणाच्या पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, फार महत्त्वाचं आहे.

दीड वर्ष गोळ्या घेतल्या, सगळं बरोबर आलं, बंद केल्या. सात महिन्यांत परत तेच. असं जवळजवळ निम्म्या लोकांचं होतं म्हणे. मग दोन रस्ते होते: रेडिओआयोडीन (ग्रंथी आतून जाळणारं किरणोत्सारी आयोडीन) प्यायचं, नाहीतर ऑपरेशन. आयोडीन सोपं आहे, कापाकापी नाही. पण माझे डोळे बाहेर आलेले होते, त्यानं डोळ्यांचं वाढू शकतं. शिवाय मूल हवं होतं, आणि ते औषध घेतल्यावर निदान सहा महिने दिवस राहू द्यायचे नसतात. म्हणून मी ऑपरेशन निवडलं. दुसऱ्या कुणासाठी आयोडीन बरोबर असेल, ते ज्याचं त्यानं डॉक्टरांशी बसून ठरवायचं.

तारीख लगेच मिळाली नाही. आधी हार्मोन पूर्ण आटोक्यात आणलं, शेवटचे दहा दिवस साध्या आयोडीनचे थेंब पाण्यातून दिले. वाढलेल्या हार्मोनवर भूल दिली तर जिवावर बेततं. तेव्हा "उद्याच करू" असं कुणी म्हणालं तर थांबून विचारा.

माझी मुलगी आता चार वर्षांची आहे.

चंदगडचा_पाहुणा

आम्ही महाराष्ट्रातले, पण दवाखान्याला बेळगावच जवळ. माझ्या काकांचं लिहितो, मन घट्ट करून.

काकांना पंधरा वर्षं गाठ होती, साधी. ६७व्या वर्षी ती दोन महिन्यांत दुप्पट झाली आणि आवाज घोगरा झाला. सगळ्यांनी सांगितलं, वयानुसार आवाज बदलतो. कुणी लेप दिला, कुणी काढा दिला. लेपानं चामडी लाल झाली तेव्हा म्हणाले औषध लागू पडतंय. ठसका लागायला लागला तेव्हा दवाखान्यात नेलं. तोवर कॅन्सर श्वासनळीपर्यंत गेला होता. सर्जन म्हणाले आता काढण्याजोगं राहिलं नाही. चार महिने राहिले काका.

जुनी गाठ एकदम वाढायला लागली, दगडासारखी घट्ट झाली, आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुटला नाही, तर एक दिवससुद्धा घरी बसू नका. तेवढ्यासाठी लिहिलं.

जांबोटीकर_लेक

चंदगडचे दादा, वाचून फार वाईट वाटलं.

सिस्टर, काल गावी गेले होते. उशा दोन वर्षांपासून आहेत, आधी एक होती. एक काढली तर म्हणाली, "छातीवर कुणीतरी बसल्यागत होतंय." उजव्या कुशीवर ती झोपतच नाही, हे मला माहीतच नव्हतं. भाकरी ती आमटीत भिजवून खाते. मी म्हणायचे दात दुखत असतील.

हात वर करायला सांगितले. पंचवीस-तीस सेकंदांतच चेहरा तांबडा-जांभळा झाला, मानेच्या शिरा उठल्या, श्वासाला आवाज यायला लागला. मी घाबरून हात खाली घ्यायला लावले. तर आई म्हणते, "अगं दांडीवर कपडे वाळत घालताना रोजच असं होतंय की. म्हणून तर आता वैनी घालते कपडे." रोज. आणि आम्हाला सांगितलं नाही, तिला वाटलं वय झालं.

ओटी_सिस्टर

मला हीच शंका होती. ही खूण डॉक्टर मंडळी मुद्दाम करून बघतात. गाठ गळ्यातून खाली, छातीच्या हाडामागं उतरली असेल तर हात वर केल्यावर ती त्या अरुंद दारात बुचासारखी बसते, शिरा दाबल्या जातात. जेवढी गाठ बाहेरून दिसते त्याहून जास्त आत असू शकते, आणि साध्या सोनोग्राफीला हाडामागचं दिसत नाही.

मानेचा आणि छातीचा सीटी स्कॅन करून घ्या. आणि पहिल्या डॉक्टरांना जाऊन विचारा की तुम्ही काढा म्हणालात ते कशासाठी. त्यांनी हात लावून खालची कड लागत नाही हे ओळखलं असेल, सांगायचं राहिलं असेल. दुसऱ्यांनी रिपोर्ट बघितले, त्यांच्या जागी तेही चुकले नाहीत. त्यांना उशांचं कुणी सांगितलंच नव्हतं.

खडेबाजार

आमचं किराणा दुकान आहे, तिसरी पिढी. थोडं विषयाला सोडून होईल, पण गावात आणखी दोघी-तिघींना गाठ होती असं ताईंनी लिहिलंय त्यावरून.

जांबोटी, कणकुंबी हा सगळा धो-धो पावसाचा भाग. असा पाऊस वर्षानुवर्षं जमिनीतलं आयोडीन धुऊन नेतो. त्या मातीतल्या भातात, भाजीत, विहिरीच्या पाण्यात ते कमी राहतं. ग्रंथीला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं, मिळालं नाही की ती बिचारी मोठी होऊन जास्त ओढायला बघते. तोच गलगंड. हिमालयाच्या पायथ्याला कांगडा खोऱ्यात १९५६पासून डॉ. रामलिंगस्वामींनी हेच मिठाच्या प्रयोगातून दाखवलं, आणि १९६२ला सरकारनं गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. आज पाकिटातल्या मिठात घरी पोचेपर्यंत दहा लाखांत निदान १५ भाग आयोडीन असायला पाहिजे असा नियम आहे.

पण माझ्या दुकानात अजून लोक येतात, "जाडं मीठ द्या, पुडीच्या मिठाला चव नाही." लोणच्याला, मासे खारवायला घ्या की, पण काही घरांत रोजच्या आमटीलाही तेच. मी प्रत्येकाला सांगतो, ऐकतातच असं नाही. आयोडीनचं मीठसुद्धा चुलीशेजारी उघडं ठेवलं की ओल धरतं आणि आयोडीन उडतं. झाकणाच्या बरणीत ठेवा, आमटी उतरवल्यावर घाला.

ओटी_सिस्टर

खडेबाजार, बरोबर लिहिलंत. त्यात एवढं जोडते की मीठ हे पुढच्या पिढीचं औषध. वीस वर्षांची गाठाळ ग्रंथी आता मिठानं बसत नाही. उलट आयोडीनच्या गोळ्या, काढे, समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल स्वतःच्या मनानं घेतल्या तर अशा ग्रंथीचं हार्मोन एकदम भडकू शकतं. तसंच गाठ बारीक करायला म्हणून थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइड हार्मोनची गोळी द्यायची पद्धत पूर्वी होती, ती आता मागं पडलीय.

जांबोटीकर_लेक

सीटी झाला. उजवी बाजू छातीच्या हाडामागं चार सेंटीमीटर उतरलीय. श्वासनळी डावीकडं ढकलली गेलीय आणि सगळ्यात अरुंद जागी ८ मिलिमीटर राहिलीय. फिल्म उजेडावर धरून सरांनी दाखवली, काळी पट्टी सरळ यायच्या ऐवजी कोयत्यासारखी वाकलीय. दुसऱ्या डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी स्वतः फोन केला आणि म्हणाले, मी माझं मत बदलतो, काढून घ्या.

आता प्रश्न आवाजाचा. आणि सगळीच का काढायची, उजवीच काढली तर?

येळ्ळूरकर

ताई, माझ्यासारखी अर्धी का नको, हे मीही त्यांना विचारलं असतं.

ओटी_सिस्टर

येळ्ळूरकरांची एकच गाठ होती, दुसरा पंख स्वच्छ. आईंच्या दोन्ही बाजूंना गाठी आहेत. डावी ठेवली तर दहा वर्षांनी ती वाढू शकते, आणि तेव्हा परत उघडायचं म्हणजे सगळं चिकटलेलं, वण झालेलं. त्यात आवाजाची नस (मज्जातंतू) ओळखणं अवघड जातं, धोका वाढतो. म्हणून अशा वेळी बहुतेक सर्जन एकदाच पूर्ण काढतात. पण डावीकडच्या गाठी अगदीच बारीक असतील तर विचारायला हरकत नाही.

आवाजाचं नीट सांगते, कारण आईंची भीती खोटी नाही.

ग्रंथीच्या मागून, श्वासनळी आणि अन्ननळीच्या खोबणीतून दोन्ही बाजूंना एकेक बारीक नस वर जाते, शिवणाच्या जाड दोऱ्याएवढी. तीच स्वरयंत्र हलवते. सर्जन आधी ती शोधतात, डोळ्यांनी बघतात, मगच ग्रंथी सोडवतात. नस ताणली, सुजली तर काही आठवडे, काही महिने आवाज बसतो आणि येतो. कायमचा जाणं सरावाच्या हातात शंभरात एखाद्याला. दोन्ही बाजूंची नस दुखावली तर श्वासाचाच प्रश्न येतो, पण ते फार क्वचित. आणखी एक नस वरच्या टोकाशी असते, ती दुखावली तर रोजचं बोलणं ठीक राहतं पण उंच सूर लागत नाही, लांबवर हाक पोचत नाही. आई भजन म्हणतात हे सर्जनना ऑपरेशनच्या आधी तोंडानं सांगा. त्या नसेचीही ते काळजी घेतील. ऑपरेशनच्या आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरपट्ट्या दुर्बिणीनं बघून घ्या. गाठीनं नस आधीच दाबली असेल तर ते आधी कळलेलं बरं.

आणि न लाजता विचारा: सर, वर्षाला अशी किती करता? वर्षाला पंचवीसहून जास्त करणाऱ्यांच्या हातून गुंतागुंत कमी होते असं अभ्यासात दिसलंय. चांगला सर्जन या प्रश्नाला रागावत नाही.

माझ्या पहिल्या वर्षी आमचे मोठे सर ऑपरेशन करता करता सांगायचे. दात असलेल्या ज्या चिमट्याला आम्ही ट्रेमध्ये "कोकर" म्हणतो, तो ज्यांच्या नावाचा, ते स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन थिओडोर कोकर. त्यांच्या आधी गलगंडाचं ऑपरेशन म्हणजे रक्तस्रावानं मरण. त्यांनी एकेक रक्तवाहिनी बांधत, हळूहळू करून माणसं जगवली. पण १८८३मध्ये त्यांनीच आपले जुने रुग्ण परत बोलावून बघितले तर ज्यांची पूर्ण ग्रंथी काढली होती ती माणसं सुजलेली, मंद, थंड पडलेली. जखम छान भरलेली आणि माणूस विझलेला. ते त्यांनी लपवलं नाही, जगासमोर मांडलं, आणि ग्रंथी कशासाठी असते ते त्यातून कळायला लागलं. १९०९ला नोबेल मिळालं. त्या माणसांना द्यायला तेव्हा काही नव्हतं. १८९१मध्ये इंग्लंडात मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून पहिली बाई बरी केली. आज आईंना तेच हार्मोन सकाळच्या एका गोळीत मिळतं. म्हणून आज पूर्ण काढायला सर्जन धजावतात.

चिकोडी_रोड

मी खर्चाचं आणि कागदांचं सांगतो, आईच्या पित्ताच्या खड्यांच्या वेळी सगळं फिरलोय. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत, एपीएलला खर्चाच्या ३० टक्के. आधी सरकारी दवाखान्यातून रेफरल लेटर घ्या, तातडीची केस नसेल तर त्याशिवाय अडतं. आपल्या ८६५ सीमागावांसाठी महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केलीय. गाव यादीत आहे का, दवाखाना त्यात बसतो का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा.

आणि संमतीपत्र. आमच्याकडं फॉर्म कन्नडमध्ये होता, आईला मराठीशिवाय काही येत नाही. अंगठा घ्यायला निघाले होते. मी थांबवलं, म्हटलं मराठी येणारं कुणीतरी बोलवा. एक सिस्टर आली, तिनं ओळ न ओळ सांगितली. तुम्हीही तसंच करा. कुठली बाजू, पूर्ण की अर्धी, काय धोके, हे आईला तिच्या भाषेत कळल्याशिवाय सही नको. तिचा गळा आहे.

जांबोटीकर_लेक

चिकोडी_रोड, खूप उपयोग झाला. बरोबर रेशन कार्ड नेलं होतं, आरोग्यमित्रानं तासाभरात सगळं सांगितलं.

आईला समजावलं कुणी, तर निपाणी_७८ यांनी. त्यांनी मला मेसेज करून फोन नंबर दिला, आई त्यांच्याशी वीस मिनिटं बोलली. फोन ठेवला आणि म्हणाली, "त्या पोरीचा आवाज चांगला खणखणीत आहे की." दुसऱ्या दिवशी तयार झाली. मंगळवारी ऑपरेशन. सिस्टर, मी काय बघू?

ओटी_सिस्टर

पहिले चोवीस तास गळ्याकडं लक्ष. आत रक्त साठलं तर गळा झपाट्यानं फुगतो, ताण येतो, श्वास घ्यायला जड जातं. तसं दिसलं तर बेल वाजवून वाट बघत बसू नका, जाऊन सिस्टरला हाताला धरून आणा. आम्ही अशा पेशंटच्या उशाशी टाके उघडायची कात्री ठेवायचो.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात का विचारत राहा. ग्रंथीच्या मागं तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. त्यांना धक्का बसला की कॅल्शियम उतरतं, मुंग्या येतात, मग हाताला पेटके येतात. बहुतेकांच्या काही आठवड्यांत पूर्ववत होतात. मुंग्यांना अशक्तपणा समजून ग्लुकोज पाजत बसू नका, सांगा, कॅल्शियम तपासतील.

छाती उघडावी लागेल का, ही भीती असेल तर, छातीत उतरलेल्या बहुतेक गाठी गळ्यातूनच वर ओढून काढता येतात.

जांबोटीकर_लेक

मंडळी, उशिरा लिहितेय, माफ करा. ऑपरेशन होऊन आज चौदा दिवस झाले.

गळ्यातूनच निघाली. सरांनी ट्रेमध्ये दाखवली, मोठ्या रताळ्याएवढी, खालचं टोक निमुळतं, छातीत उतरलेलं. इतकी वर्षं ही तिच्या श्वासावर बसली होती. बायोप्सीचा रिपोर्ट आला, साधा गलगंड, कॅन्सर कुठंच नाही. एक नातेवाईक म्हणाले, "बघा, साधीच होती, उगीच काढली." मी त्यांना सीटीची फिल्म दाखवली.

तिसऱ्या दिवशी पहाटे आई म्हणाली, ओठ बधिर झाल्यागत वाटतंय, बोटांवरनं मुंग्या चालल्यात. सिस्टर, तुमचं लिहिणं आठवलं, लगेच सांगितलं. कॅल्शियम ७.४ आलं, म्हणजे कमी. शिरेतून दिलं, आता गोळ्या चालू आहेत, कमी करत आणतायत.

थायरॉक्सिन १००ची सुरू झालीय, वजनावरून ठरवली म्हणाले. यावरून घरात मोठं रामायण झालं, कारण आईचा पाचचा चहा चाळीस वर्षांचा. गोळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर, मग तासभर काही नाही, आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनंतरच, नाहीतर दोन्ही एकमेकींत अडकतात. आता ती साडेचारला उठून गोळी घेते आणि परत पडते. साडेपाचला चहा. सहा आठवड्यांनी टीएसएच करून मात्रा बघायची आहे.

ती एका उशीवर झोपते. पहिल्या रात्री मी दोनदा उठून बघितलं, श्वासाचा आवाजच येत नव्हता म्हणून.

आवाज थोडा जड आहे, संध्याकाळपर्यंत दमतो. दुर्बिणीनं बघितलं, दोन्ही स्वरपट्ट्या हलतायत. सर म्हणाले दोन-तीन महिने द्या, उंच सूर इतक्यात ओढू नका. कार्तिकाला अजून पाच महिने आहेत. काल एकादशीला ती देवळात गेली, पुढं उभी राहिली नाही, खांबाला टेकून बसली आणि टाळ धरला.